'गूगल केलंस का?' : सॉकेट, डिप्लॉयमेंट आणि विचारण्याच्या रीतीचा एक छोटा इतिहास

गेल्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या टीमच्या चॅटवर एक प्रश्न आला. विचारणारा मुलगा लातूरकडचा, कॉलेज संपवून नुकताच रुजू झालेला. त्याने लिहिलं होतं, "सर, सर्व्हर बंद करून लगेच चालू केला की 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' अशी एरर येते. साधारण एक मिनिट थांबलं की आपोआप चालू होतो. असं का होत असेल?"

मी तेव्हा दुसऱ्याच एका बगमध्ये अडकलो होतो. तीन शब्द टाइप केले : "गूगल केलंस का?" त्याखाली दोघातिघांनी हसणारे चेहरे चिकटवले. पाच मिनिटांनी पाहिलं तर त्याने आपला प्रश्नच डिलीट केला होता. मी विसरूनही गेलो.

दोन आठवड्यांनी रात्री साडेदहाला आम्ही नवी आवृत्ती डिप्लॉय केली. त्यात भाड्याचे दर बदलले होते. नवा सर्व्हर चालू झाला, एकही एरर नाही, आम्ही लॅपटॉप मिटून झोपलो. सकाळी सातला फोन सुरू झाले. रात्रभर साधारण अर्ध्या लोकांना जुने दर दिसत होते आणि अर्ध्यांना नवे. पान रिफ्रेश केलं की दर बदलत होता. ग्राहकांना वाटलं आम्ही फसवतोय, आणि त्यांना तसं वाटणं चूक नव्हतं.

कारण सापडायला दोन तास लागले. जुना सर्व्हर बंद झालाच नव्हता. एरवी अशा वेळी नव्या सर्व्हरने 'ही जागा आधीच कोणीतरी घेतलेली आहे' म्हणून चालू व्हायला नकार दिला असता आणि आम्हाला तिथल्या तिथे कळलं असतं. पण दोन आठवड्यांपूर्वी आमच्या लातूरच्या मुलाने गूगल केलं होतं. कुठल्याशा उत्तरातून त्याने 'रीयूज-पोर्ट' नावाची एक ओळ उचलून कोडमध्ये टाकली होती. एरर गेली म्हणून तो खूश झाला. या ओळीचा अर्थ असा की एकाच पोर्टवर दोन प्रोग्राम एकाच वेळी बसू शकतात, आणि येणारी गिऱ्हाइकं लिनक्स त्या दोघांत वाटून देतो. त्याला खरं तर हवी होती 'रीयूज-अ‍ॅड्रेस' नावाची दुसरी ओळ. नावात एका शब्दाचा फरक, कामात जमीन-अस्मानाचा.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, एकदा विचारायचंस ना."

तो खाली बघत म्हणाला, "विचारलं होतं, सर."

या दोन शब्दांनी मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. पण त्यानंतरचे काही शनिवार-रविवार मी एक गोष्ट शोधत बसलो. ती एरर मुळात का येते, ते एक मिनिट कुठून आलं आणि आम्हा प्रोग्रामर लोकांची एकमेकांशी बोलायची ही रीत कुठून आली. दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटत होतं. वाचत गेलो तसं लक्षात आलं की हे दोन्ही इतिहास पुष्कळदा त्याच माणसांच्या हातून घडले आहेत.

बाथरूममध्ये लिहिलेली टिपणी

१९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संस्थेने दूरदूरच्या विद्यापीठांतले कॉम्प्युटर जोडायचं काम सुरू केलं. पहिली चार ठिकाणं होती लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सांता बार्बराचं विद्यापीठ आणि युटा विद्यापीठ. मधली यंत्रं पुरवायचं कंत्राट एका कंपनीला दिलेलं होतं. पण दोन टोकांच्या कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायचं काय आणि कसं, हे ठरवण्याचं काम विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे आलं.

त्यातला एक स्टीव्ह क्रॉकर. वय पंचविशीच्या आत, म्हणजे माझ्याहून लहान. त्यांना सारखं वाटायचं की कधीतरी पूर्वेकडून कोणी अनुभवी, अधिकारी माणूस येईल आणि म्हणेल, 'तुम्ही कोण हे ठरवणारे?' म्हणून आपल्या टिपणांना काय नाव द्यावं हा त्याच्यापुढे प्रश्न होता. 'मानक', 'नियम', 'आराखडा' असं काही म्हटलं तर आगाऊपणा वाटेल. रात्री ज्या घरी तो उतरला होता तिथल्या लोकांची झोपमोड नको म्हणून तो बाथरूममध्ये बसून लिहीत होता. तिथे त्याने नाव दिलं : 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजे 'अभिप्राय कळवावा ही विनंती'. ७ एप्रिल १९६९ ची तारीख असलेली ती टिपणी म्हणजे आरएफसी १.

आज इंटरनेटचे जवळजवळ सगळे मूळ नियम आरएफसी नावाच्या कागदांत आहेत आणि त्यांची संख्या ९००० च्या पुढे गेली आहे. जगभरच्या कंपन्या ज्यांना आज्ञेसारखं पाळतात, त्या कागदांच्या नावात अजूनही 'विनंती' आहे.

त्याच महिन्यात आलेली आरएफसी ३ मला जास्त आवडली. टिपण कसं लिहावं हे त्यात सांगितलंय. मथितार्थ असा : विचार कच्चा असला तरी चालेल, घासूनपुसून नको, वेळेवर हवा. उदाहरण नसलेली कल्पना चालेल, उत्तर नसलेला प्रश्नही चालेल. कमीत कमी लांबी एक वाक्य. लिहिलेलं आपोआप अधिकृत मानलं जातं, या समजुतीमुळे लोक अर्धवट विचार बोलून दाखवायला कचरतात; ती भीड घालवणं हाही हेतू तिथे स्पष्ट लिहिलेला आहे.

उत्तर नसलेला प्रश्नही चालेल. इंटरनेटच्या तिसऱ्याच कागदावर हे आहे. आमच्या टीमच्या चॅटवर ते चालत नव्हतं.

विषम खोल्या, सम खोल्या

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचा पहिला प्रयत्न झाला. 'लॉगिन' शब्दाची 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. पहिलंच डिप्लॉयमेंट, पहिलाच क्रॅश. तासाभराने दुरुस्त झालं.

आता सॉकेटकडे येऊ. भिंतीतल्या प्लगच्या खाचेलाही आपण सॉकेटच म्हणतो. नेटवर्कमधलं सॉकेट समजायला हाउसिंग सोसायटी डोळ्यांपुढे आणा. आयपी अ‍ॅड्रेस हा बिल्डिंगचा पत्ता, पोर्ट हा फ्लॅट नंबर. पत्र नुसतं बिल्डिंगपर्यंत येऊन भागत नाही, कुठल्या दारावर टाकायचं तेही कळावं लागतं. ते दार म्हणजे सॉकेट.

मे १९७१ च्या आरएफसी १४७ मध्ये सॉकेटची व्याख्या दिली आहे. तेव्हा सॉकेट हा एक ३२ बिटांचा आकडा होता. त्या काळी 'एनसीपी' नावाची पद्धत होती आणि तिच्यात एका जोडणीतून एकाच दिशेने माहिती जायची. म्हणून प्रत्येक संवादाला दोन सॉकेट लागत : सम आकड्याचं घेण्यासाठी, विषम आकड्याचं देण्यासाठी. ती पद्धत केव्हाच गेली, पण तिची खूण राहिली. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, ईमेल पाठवण्याचा २५. कॉलेजात आम्ही हे आकडे पाठ केले, ओळीने विषमच का हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

एनसीपी एका नेटवर्कपुरती ठीक होती. पण रेडिओवरचं नेटवर्क, उपग्रहावरचं नेटवर्क, असे वेगवेगळे प्रकार आले तेव्हा 'नेटवर्कांचं नेटवर्क' बांधायची गरज पडली. व्हिंट सर्फ आणि बॉब काह्न यांनी १९७४ मध्ये त्याचा आराखडा मांडला. त्याचा पहिला तपशीलवार नियम म्हणजे डिसेंबर १९७४ ची आरएफसी ६७५. तिच्यावर तीन नावं आहेत : व्हिंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन. यातले दलाल पवईच्या आयआयटीतून बी.टेक. होऊन स्टॅनफर्डला गेलेले. पवईतून गेलेला एक विशीतला मुलगा टीसीपीच्या पहिल्या नियमपुस्तकाचा सहलेखक आहे, हे मला चार वर्षांच्या डिग्रीत एकाही सरांनी सांगितलं नव्हतं.

याच दलाल आणि सनशाइन यांनी १९७८ मध्ये जोडणी कशी उघडायची आणि कशी मिटवायची या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. वाचताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, कारण आमच्या मुलाचं ते 'एक मिनिट' या प्रश्नाच्या पोटात होतं.

प्रश्न असा. नेटवर्कवरची पाकिटं वेगवेगळ्या वाटांनी जातात. एखादं रेंगाळतं आणि उशिरा पोचतं. समजा एका फ्लॅटमधला भाडेकरू सोडून गेला आणि त्याच दिवशी दुसरा राहायला आला. जुन्या भाडेकरूची वाटेत असलेली पत्रं आता नव्याच्या हाती पडणार. बँकेचं पत्र असलं तर घोटाळाच. मग शहाणा मालक काय करेल? जुनी पत्रं येऊन संपतील इतके दिवस फ्लॅट रिकामा ठेवेल.

दुसरी अडचण निरोपाची. आपण फोन ठेवताना काय करतो? "बरं, ठेवू मग?" "हो हो, ठेव." "ठेवतो." टीसीपीही असंच करतो. दोन्ही बाजू 'माझं संपलं' म्हणतात आणि दोन्ही बाजू 'कळलं' म्हणतात. पण शेवटचं 'कळलं' वाटेत हरवलं तर? समोरचा पुन्हा 'माझं संपलं' म्हणणार, आणि तेव्हा ऐकायला कोणीतरी जागेवर पाहिजे. म्हणून ज्याने आधी निरोप घेतला तो थोडा वेळ तिथेच उभा राहतो. या थांबण्याला 'टाइम-वेट' म्हणतात. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये एका पाकिटाचं आयुष्य २ मिनिटं धरलंय आणि थांबायचा वेळ त्याच्या दुप्पट, ४ मिनिटं. लिनक्समध्ये तो ६० सेकंद आहे.

हेच ते एक मिनिट. आमच्या मुलाने तो काळ घड्याळ न लावता बरोबर टिपला होता. त्याचा प्रश्न चांगला होता. उत्तर एका ओळीचं होतं : 'जुन्या जोडण्यांची पत्रं संपेपर्यंत कर्नल पोर्ट अडवून ठेवतो, सर्व्हरला रीयूज-अ‍ॅड्रेस लाव, रीयूज-पोर्ट नको.' हे लिहायला मला वीस सेकंद लागली असती.

जगातलं सर्वांत धाडसी डिप्लॉयमेंट

आज आम्ही डिप्लॉयमेंट म्हणतो तेव्हा दहा सर्व्हरपैकी एकावर नवी आवृत्ती टाकतो, ती नीट चालतेय का पाहतो, मग बाकीच्यांवर. बिघडलं तर पाच मिनिटांत मागे येतो. १९८२ मध्ये आर्पानेटपुढे काय वाढून ठेवलं होतं ते पाहा : अख्ख्या नेटवर्कने एनसीपी सोडून टीसीपी-आयपीवर यायचं. कॉम्प्युटर वेगवेगळ्या कंपन्यांचे, ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या, सांभाळणारे लोक वेगवेगळ्या संस्थांचे.

जॉन पोस्टेल या दाढीवाल्या, कमी बोलणाऱ्या माणसाने नोव्हेंबर १९८१ च्या आरएफसी ८०१ मध्ये योजना लिहिली. १९८२ हे संक्रमणाचं वर्ष. त्या काळात काही यंत्रं दोन्ही भाषा बोलतील आणि मध्ये दुभाषाचं काम करतील. १ जानेवारी १९८३ ला एनसीपी बंद.

साहजिकच बहुतेकांनी काही केलं नाही. प्रत्येक कंपनीत डेडलाइनच्या आधी होतं तेच. मग १९८२ च्या मध्यात एक दिवस नेटवर्कने एनसीपीची वाहतूकच अडवली. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचं सगळं बंद पडलं, आरडाओरडा झाला. पुढे वर्षाच्या उत्तरार्धात दोन दिवस असंच केलं. त्यानंतर मात्र लोक कामाला लागले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बदल झाला. पुढे काही महिने पडझड आणि डागडुजी चालू राहिली, पण मागे फिरावं लागलं नाही. त्या काळात 'मी टीसीपी-आयपीच्या बदलातून वाचलो' अशा अर्थाचे बिल्ले छापले गेले. असा बिल्ला आमच्या टीमनेही कधीतरी छापायला हरकत नाही.

याच सुमारास बर्कलीत सॉकेटला आजचं रूप मिळालं. आर्पाने 'बीबीएन' या कंपनीकडून युनिक्ससाठी टीसीपी-आयपी लिहून घेतलं होतं. बर्कलीच्या बिल जॉयने ते कोड घेतलं, त्याला त्याचा वेग पटला नाही, त्याने पुष्कळसं नव्याने लिहिलं. ऑगस्ट १९८३ मध्ये '४.२ बीएसडी' बाहेर पडलं. तोपर्यंत जॉय 'सन मायक्रोसिस्टिम्स'मध्ये गेला होता आणि काम सॅम लेफ्लरने पूर्ण केलं होतं. चुंबकीय टेपवर भरून ते विद्यापीठांना जायचं. त्यातली 'सॉकेट', 'बाइंड', 'लिसन', 'अ‍ॅक्सेप्ट', 'कनेक्ट' ही पाच हाकांची रचना आजही तशीच आहे. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्याने हे पान आणताना यातल्याच काही हाका मारल्या आहेत.

जॉयने बदललेलं कोड बीबीएनला आवडलं नव्हतं. दोन्ही बाजूंची आवृत्ती वेगळी आणि दोघांनाही आपलीच खरी वाटणारी. असे वाद आज कसे होतात ते आपण पाहतोच. तिथे शेवटी निवाडा माइक म्यूस या तिसऱ्याच माणसाकडे गेला, ज्याने डिसेंबर १९८३ मध्ये 'पिंग' लिहिलं तोच हा. त्याने काही महिने दोन्ही आवृत्त्या चालवून पाहिल्या. बर्कलीची जास्त कार्यक्षम, बीबीएनची गर्दीत जास्त सावध, असं निघालं. पण जोराचा ताण दिल्यावर बीबीएनची कधीकधी कोसळली, बर्कलीची टिकली. बर्कलीची राहिली. कोण मोठा हा प्रश्न बाजूला ठेवून चाचणी घेतली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सगळे ओरडायला लागले तेव्हा

ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर ४०० यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटं. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. आजच्या हिशेबाने देवनागरीतलं एक चिन्ह २४ बिटांचं. म्हणजे सेकंदाला दोन अक्षरंसुद्धा नाहीत. निरोप चालत नेऊन दिला असता तर लवकर पोचला असता.

व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स यांनी कारण शोधलं. गर्दीमुळे पाकिटं हरवत होती. पोच आली नाही की प्रत्येक यंत्र तेच पाकीट पुन्हा पाठवायचं. त्यामुळे गर्दी आणखी वाढायची, आणखी पाकिटं हरवायची. लग्नाच्या हॉलमध्ये ऐकू येत नाही म्हणून एक जण आवाज चढवतो, मग शेजारचा चढवतो, आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही, तसं.

त्यांचा उपाय १९८८ मध्ये आला. बोलायला सुरुवात हळू करा. पोच येतेय तसा वेग वाढवा. पाकीट हरवलं तर तो रस्ता भरल्याचा निरोप समजा, आणि आपण मागे सरा. जून १९८८ च्या 'टाहो' नावाच्या बीएसडी आवृत्तीतून हे सगळीकडे गेलं. सक्ती कोणी केली नव्हती. रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणून स्वतःचा वेग स्वतः कमी करायचा, एवढंच. आजही टीसीपी मूलतः याच समजुतीवर चालतं.

यंत्रांचा नियम माणसांना

यंत्रांना अशी रीत शिकवली जात असताना माणसांचं काय चाललं होतं? १९७९-८० मध्ये ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना इथल्या विद्यार्थ्यांनी 'यूजनेट' सुरू केलं. विषयवार गट, कोणीही लिहावं, कोणीही उत्तर द्यावं. प्रोग्रामर तिथे एकमेकांना शिकवायचे, भांडायचेही. दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांत नवी पोरं यायची, त्यांना नेट मिळायचं, महिनाभर तेच तेच प्रश्न आणि गोंधळ व्हायचा. मग जुनी मंडळी त्यांना वळण लावायची आणि ऑक्टोबरपर्यंत स्थिरस्थावर व्हायचं. १९९३ नंतर घरगुती ग्राहकांचा लोंढा सुरू झाला आणि तो थांबलाच नाही. जुने लोक म्हणू लागले की १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही.

मला या 'न संपलेल्या सप्टेंबर'च्या गोष्टीत आता एक खोच दिसते. तक्रार करणारा प्रत्येक जण कधीतरी स्वतः सप्टेंबरमध्येच आलेला होता. 'आरटीएफएम', म्हणजे मॅन्युअल वाच, मध्ये एक शिवी घालून, हे उत्तर याच जगात रुळलं. माझं 'गूगल केलंस का?' हे त्याचंच नातवंड.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? १९८६ मध्ये 'अर्नेट' सुरू झालं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, जुहूची एनसीएसटी अशा मोजक्या संस्था होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. यूजनेटवर मराठी लोकांचा स्वतंत्र गट होता, आणि १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाली. मराठी माणसं रोमन लिपीत मराठी लिहून एकमेकांना भेटत होती.

आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ आली : नेटवरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शिका, लेखिका इंटेलच्या सॅली हँब्रिज. राग आला असेल तर उत्तर पाठवायला एक रात्र जाऊ द्या, असं त्यात आहे. सगळी कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं, हेही. (देवनागरीत कॅपिटल नाहीत. आपण उद्गारचिन्हांवर भागवतो.)

पण माझी नजर अडकली ती वेगळ्याच ओळीवर. पोस्टेलने १९८० मध्ये प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना एक नियम घालून दिला होता : पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. म्हणजे तुमची पाकिटं नियमात चोख असू द्या, समोरच्याचं थोडं वाकडंतिकडं आलं तरी समजून घ्या. हँब्रिजबाईंनी हा यंत्रांचा नियम जवळपास तसाच उचलून माणसांच्या ईमेलला लावला. मी नेमकं उलटं केलं होतं. घेताना काटेकोर, देताना ढिला.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण जून २०२३ च्या आरएफसी ९४१३ ने माझा सरळ निष्कर्ष बिघडवला. तिचा मुद्दा असा की अति उदारपणाने प्रोटोकॉल सडतात. चुकीची पाकिटं सगळेच निमूट स्वीकारत राहिले तर पाठवणाऱ्याला चूक कळतच नाही. चूक पसरते, आणि काही वर्षांनी तीच रीत होऊन बसते. म्हणून चूक दिसली की ती कळवा आणि दुरुस्त करून घ्या.

आमच्या रात्रीचा अपघातही असाच होता. रीयूज-पोर्टने एरर मिटवली, चूक मिटवली नाही. ती एरर म्हणजे सर्व्हर 'थांबा, इथे आधीच कोणीतरी बसलंय' असं ओरडून सांगत होता. आम्ही त्याचं तोंड बंद केलं. आणि त्याआधी मी एका मुलाचं केलं होतं. दोन्हीकडे वरवर शांतता झाली आणि आम्ही ती सगळं ठीक असल्याची खूण समजलो.

म्हणजे नुसतं गोड बोलून भागत नाही. चूक ही चूक म्हणून सांगावी लागते, पण सांगण्याची तऱ्हा अशी हवी की माणूस पुढच्या वेळी पुन्हा विचारायला येईल. लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सची जीभ वर्षानुवर्षं तिखट म्हणून प्रसिद्ध होती. 'तो सांगतो ते बरोबर असतं ना', असं त्याचं समर्थन व्हायचं, मीही केलंय. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यानेच जाहीर माफी मागितली, काही काळ रजा घेतली आणि वागणं सुधारायला मदत घेणार असल्याचं लिहिलं. बरोबर असणं पुरत नाही हे त्याला सत्तावीस वर्षांनी लिहावंसं वाटलं.

पोर्ट २२

शेवटची गोष्ट. १९९५ च्या वसंतात हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार झाला. तिथल्या टाटू युलोनेनने त्यावर उपाय म्हणून 'एसएसएच' लिहिलं. टेलनेट आणि एफटीपी यांच्या जागी वापरायचं, म्हणून २१ आणि २३ च्या मधला रिकामा २२ त्याच्या नजरेत भरला. पण हे आकडे वाटणारी माणसं म्हणजे जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स. त्याच्या दृष्टीने देवमाणसं. १० जुलै १९९५ ला त्याने भीतभीत ईमेल केला : मी असा असा प्रोग्राम लिहिलाय, २२ मिळाला तर बरं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॉइसबाईंचं उत्तर हजर होतं. पोर्ट २२ तुम्हाला दिला आहे. बस्स. ना कागदपत्रं, ना 'आधी हे वाचलंत का'. आज जगभरचे सर्व्हर ज्या दारातून सांभाळले जातात, ते दार एका अनोळखी माणसाच्या साध्या विनंतीवर एका दिवसात मिळालेलं आहे. मी रोज सकाळी त्याच दाराने कामावर जातो.

त्या अपघातानंतर मी आमच्या मुलाची माफी मागितली, चॅटवर, सगळ्यांसमोर, कारण उत्तरही तिथेच दिलं होतं. मग फळ्यावर भाडेकरू आणि पत्रांचं चित्र काढून टाइम-वेट समजावलं. तो म्हणाला, "एवढंच होतं, सर?" मी म्हटलं, "एवढंच. आणि सर नको म्हणू रे."

'सर' अजून सुटलेलं नाही. पण परवा शुक्रवारी, डिप्लॉयमेंटच्या अर्धा तास आधी त्याने चॅटवर विचारलं, "सर, जुना सर्व्हर बंद करताना चालू असलेल्या जोडण्यांना आपण किती सेकंद देतो?"

मला माहीत नव्हतं. तसं लिहिलं. मग आम्ही दोघं शेजारी बसून शोधायला लागलो, आणि त्या दिवशी डिप्लॉयमेंट वीस मिनिटं उशिरा झालं.